भाकितामागची गोष्ट

जगबुडी जवळ आली असे कोणी म्हटले, की आम्हां कुडपणच्या बायकांच्या काळजात धस्स होते. आपल्या रायगड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल, म्हणजे शनवार तेली, लोकांच्या धर्मग्रंथातही शेवटच्या काळाचे भाकीत आहे. मंदिरातला नित्याचा यज्ञ बंद पडेल व तेथे अमंगळ वस्तू उभी राहील, असे दानिएलाचे पुस्तक सांगते.

याचा उलगडा ज्यू शास्त्राबाहेर राहिलेल्या मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात होतो. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास अँटिओकस राजाने यरुशलेमच्या मंदिरात हेच केले. पुढे १६४ च्या सुमारास मंदिर शुद्ध झाले. त्याचाच सण हनुक्का.

त्याच राजाच्या छळातून पळालेल्यांचे गलबत अलिबागेजवळ नवगावला फुटले, सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, असे बेने इस्रायल परंपरेने सांगतात. त्यांना पूर्वी हनुक्का मात्र ठाऊक नव्हता.

बाहेरचे पुस्तक जगबुडीची तारीख सांगत नाही. भाकीत कोणत्या दुःखातून निघाले, ते सांगते. ते कळले, की भीती जाऊन धीर येतो.