चिकूच्या पायाशी

परसात चिकू असलेल्या कोणालाही विचारा, हे झाड मूळचे कुठले? "कुठले म्हणजे? आपलेच की!" असे उत्तर मिळेल. डहाणू-घोलवडकडचा माणूस तर जास्तच ठासून सांगेल. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले की "आपलेच" म्हटलेली वस्तू जरा खोदून पाहायची खोड लागते.

चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. माया लोकांना त्याचे फळ माहीत होतेच, पण लाकूडही माहीत होते. ग्वाटेमालातल्या टिकाल येथे आठव्या शतकात मंदिरांच्या दारांवर बसवलेल्या चिकूच्या तुळया हजार वर्षांनंतरही टिकून होत्या. झाडाचा चीक आटवून लोक चघळत असत. त्याच चिकापासून रबर करायला निघालेल्या न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्सने शेवटी च्युइंगगम केले आणि १८७१ साली त्याचे पेटंट घेतले. शाळेत मुलांच्या तोंडातून आम्ही जे थुंकायला लावत होतो, त्याचा मूळपुरुष चिकूचे झाड!

स्पॅनिश लोक या फळाला चिकोसापोते म्हणत. त्यांची जहाजे १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मेक्सिकोतील आकापुल्को आणि फिलिपिन्समधील मनिला यांच्यामध्ये ये-जा करीत होती. स्पॅनिशांबरोबर चिकू फिलिपिन्सला पोहोचला आणि पुढे आशियात पसरला. महाराष्ट्रात घोलवडला १८९८ साली चिकूची लागवड सुरू झाली, अशी नोंद फळबागांच्या पुस्तकांत सापडते. डहाणू-घोलवडच्या चिकूला आता भौगोलिक मानांकनही आहे.

इथवरचा इतिहास पाहुण्याचा झाला. यजमानाचा कोणी सांगत नाही.

चिकू बियांपासून लावला तर फळाला बरीच वर्षे लागतात, आणि फळ आईसारखे निघेलच असे नाही. म्हणून कलम करतात. गुटीही बांधतात, पण कलमासाठी चांगला खुंट म्हणजे खिरणी. कोणी तिला रायण म्हणतात, कोणी रांजण. संस्कृतात राजादन. पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगरावर जैन भाविक ज्या झाडाला वंदन करतात, ते रायणच. खिरणी आणि चिकू एकाच गोत्रातले. वनस्पतिशास्त्रात दोघांचे समाईक नाव 'मनिलकारा', आणि तेही मल्याळम भाषेतून उचललेले.

खिरणी सावकाश वाढते. तिचे रोप पेन्सिलीएवढे जाड व्हायला दोनेक वर्षे जातात. मग ते चिकूच्या झाडाशेजारी ठेवून दोघांची साल तासून जोड बांधायचा आणि दोन-तीन महिन्यांनी वेगळे करायचे. हे झाले भेटकलम. असे कलम तीन-चार वर्षांत फळाला लागते. वर कालीपत्ती चिकू, खाली मातीत खिरणी.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने बंगल्याच्या आवारात असे कलम लावले. मला दाखवायला नेले तेव्हा म्हणाला, "सर, खालून वेगळीच पाने फुटलीत. रोगबिग पडलाय का?" पाहिले तर टोकाशी किंचित खाच असलेली जाड पाने.

"रोग नाही रे, खिरणी आहे ती. जोडाखालचा फुटवा काढून टाक, नाहीतर चिकू मागे पडेल. आणि जोड मातीत गाडला जाऊ देऊ नकोस."

त्याने फुटवा काढला आणि विचारले, "पण सर, खिरणी म्हणजे काय?"

चाळिशी ओलांडलेला, खेड्यात वाढलेला माणूस हा. उन्हाळ्यात मिळणारी ती पिवळी, बोटाच्या पेराएवढी गोड फळे, खाल्ल्यावर ओठ चिकटवणारी, त्याने पाहिलीही नव्हती. दोष त्याचा नाही. खिरणी मुद्दाम लावते कोण? जुनी झाडे जातात, नवी उगवली तरी इतक्या सावकाश वाढतात की कोणाला धीर धरवत नाही. पण खुंटासाठी बी लागते, आणि बी द्यायला कुठेतरी फळ धरणारी खिरणी उभी असावी लागते.

म्हणून परसात चिकू लावणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. कलमाला दहा मीटर मोकळी जागा द्या. फळ नखाने खरवडून आत हिरवे न दिसता पिवळट दिसले की उतरवा. जोडाखालचा फुटवा दिसताक्षणी काढा. आणि शाळेच्या आवारात, देवळामागे, कुठे जागा असेल तिथे एक खिरणी मात्र कलम न करता वाढू द्या. तिची फळे बहुधा आपल्याला मिळणार नाहीत. पण मागच्यांनी तरी कुठे स्वतःसाठी लावली होती?