बटण वापरणारे आणि बटण घडवणारे

डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा इतिहास सहसा भाषांचा आणि कंपन्यांच्या चढाओढीचा म्हणून सांगितला जातो. पडद्यावरचे बटण, यादी, तक्ता असे कंट्रोल स्वतः घडवायला सामान्य प्रोग्रामर कसे शिकले, हा त्यातला कळीचा धागा बाजूला पडतो. साधने सोपी झाली म्हणून हे कसब पसरले, असा एक समज आहे. पुरावा मला वेगळे सांगतो. तयार कंट्रोल ज्या भाषेत लिहिला आहे, त्याच भाषेत तो वापरणाराही काम करतो का, आणि त्या कंट्रोलचा सोर्स कोड त्याला वाचायला मिळतो का, या दोन गोष्टी जिथे जुळून आल्या तिथे कसब पसरले. जिथे त्या जुळल्या नाहीत, तिथे सोप्या साधनांनी ग्राहक वाढवले, कारागीर नाही.

सुरुवातीला शिकणे अवघडच होते. १९८४ च्या मॅकिंटॉशवर नवा कंट्रोल घडवायचा म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा लिहायचा. ‘स्वतःला काढ’, ‘माउसचा बाण तुझ्या हद्दीत आहे का सांग’ असे निरोप सिस्टीम त्याला पाठवी. विंडोजमध्ये हेच काम विंडो प्रोसिजर करी, आणि ते शिकवणारे चार्ल्स पेटझोल्ड यांचे ‘प्रोग्रामिंग विंडोज’ १९८८ साली आले. यातले रेखाटन हा सर्वांत सोपा भाग. एक साधे बटण घ्या. त्यावर माउसची कळ दाबली की ते खाली बसल्यासारखे दिसले पाहिजे. कळ दाबून धरून बाण बाहेर नेला तर ते वर उठले पाहिजे, परत आत आणला तर पुन्हा बसले पाहिजे, आणि बाहेर सोडले तर काहीच घडता कामा नये. त्यासाठी कळ सुटेपर्यंत माउसचा सगळा व्यवहार त्या बटणाने आपल्याकडे वळवून घ्यावा लागतो; विंडोजमध्ये त्याला माउस कॅप्चर म्हणतात. शिवाय टॅबने फोकस आला की ठिपक्यांची चौकट दिसायला हवी आणि स्पेसबारनेही बटण दाबले जायला हवे. यातले काहीही चित्रात दिसत नाही. चांगले बटण आतून पाहिल्याशिवाय ही यादी कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते आतून पाहायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली नव्हती.

१९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले. त्याच्या दृश्य बाजूचा पाया ॲलन कूपर यांचा होता. त्यांच्या ‘रूबी’ या रचनेत फॉर्मवर मांडायच्या वस्तू बाहेरून आणून जोडता येत, आणि व्हीबीएक्स कंट्रोलांचे मूळ तिथे आहे. व्हीबीएक्सने मोठा बाजार उभा केला. तक्ते, आलेख, कॅलेंडर विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. फारपॉइंटचा ‘स्प्रेड’ हा त्यातला गाजलेला तक्ता. पण व्हीबीएक्स लिहायचा तो सी भाषेत, डीएलएल म्हणून, आणि वापरायचा बेसिकमधून. बेसिकवाल्याला कंट्रोलचे गुणधर्म बदलता येत. त्याच्या पोटात शिरता येत नसे. एका व्यवसायात दोन जाती झाल्या, आणि एकीतून दुसरीत जायचे तर नवी भाषा पहिल्यापासून शिकावी लागे.

फेब्रुवारी १९९५ मध्ये बोरलँडने डेल्फी बाजारात आणले. आन्डर्स हायल्सबर्ग त्याचे प्रमुख रचनाकार. त्याची व्हीसीएल ही कंट्रोलांची लायब्ररी त्याच ऑब्जेक्ट पास्कलमध्ये लिहिलेली होती ज्यात ग्राहक आपला प्रोग्राम लिहीत असे, आणि वरच्या दर्जाच्या आवृत्त्यांबरोबर तिचा सोर्सही मिळे. ती रचनाच शिकवणारी होती. मजकुराच्या चौकटीचे सगळे वागणे ‘टीकस्टमएडिट’ या क्लासमध्ये होते, पण त्याचे बहुतेक गुणधर्म झाकलेले. ‘टीएडिट’ हा त्याचा वारस त्यातले हवे ते गुणधर्म उघडे करी, याउपर फारसे काही करत नसे. नवशिक्याने ती फाइल उघडली की वारसा कुठून घ्यायचा आणि उघडे काय ठेवायचे, हे दोन्ही त्याला दिसे. फोकस घेऊ शकणारा कंट्रोल आणि नुसता चितारलेला कंट्रोल यांचे क्लासही तिथे वेगळे होते. म्हणूनच डेल्फीभोवती मोफत कंट्रोलांचे ढीग जमले, आणि ते लिहिणारे बरेचसे आधी ग्राहकच होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. श्रमविभागणीत वाईट काय? हिशेबाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने तक्ता विकत घ्यावा आणि आपले काम करावे. व्हिज्युअल बेसिकच्या यशाचे मोठे कारण हेच होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण १९९५ ला विंडोज ९५ बरोबर ३२ बिटी प्रोग्राम आले आणि व्हीबीएक्स १६ बिटीच राहिले. विक्रेत्याने ओसीएक्स या नव्या साच्यात ३२ बिटी कंट्रोल काढला तर ठीक, नाहीतर त्या तक्त्यावर उभा असलेला सगळा प्रोग्राम अडकला. ज्याच्या हाती सोर्स होता त्याला निदान स्वतः झटून पाहता येत होते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हौशी लोकांनी घडवलेले कंट्रोल वाईट असतात. ते कीबोर्ड विसरतात, स्क्रीन रीडरला दिसत नाहीत, आणि लॅटिनखेरीज इतर लिप्या मोडून टाकतात. शेवटचा मुद्दा मराठी वाचकाला सांगायला नको. ‘कि’ साठवताना क आधी आणि इकार मागून. दिसताना इकार पुढे. अक्षरामागून अक्षर मोजून स्वतः चितारणारा कंट्रोल इकार वेगळा काढतो, आणि मग तो ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून येतो. ग्लिफवर बेतलेल्या आठ बिटी फॉन्टमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण तिथे टंकलेला क्रम हाच दिसण्याचा क्रम. विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब ही अक्षरे जुळवणारी यंत्रणा आली तेव्हा सिस्टीमच्या मूळ मजकूर-चौकटीला देवनागरीची जुळणी आयती मिळाली, शून्यापासून बांधलेल्यांना मिळाली नाही. आक्षेप इथवर खरा आहे. पण दोष घडवण्याचा नाही, न वाचता घडवण्याचा आहे. डेल्फीची लायब्ररी स्वतः २००९ च्या आवृत्तीपर्यंत युनिकोडची नव्हती, ही तिची मोठी उणीव होती. तरी ती उणीव भरून निघाली तेव्हा ‘टीकस्टमएडिट’च्या वारसांना त्याचा लाभ बव्हंशी नुसत्या पुन्हा कंपाइल करण्याने मिळाला.

मायक्रोसॉफ्टलाही हे हळूहळू उमगलेले दिसते. १९९७ च्या व्हिज्युअल बेसिक ५ मध्ये कंट्रोल बेसिकमध्येच लिहिता येऊ लागले, पण मूळ कंट्रोल बंदच राहिले. २००२ च्या विंडोज फॉर्म्समध्ये भाषेचा अडसर गेला, सोर्सचा राहिला. लोक डीकंपायलर लावून लायब्ररी वाचत. त्यांना काय हवे होते याचा याहून स्पष्ट पुरावा नको. २००८ मध्ये तो कोड संदर्भापुरता वाचायला मिळाला आणि डिसेंबर २०१८ मध्ये विंडोज फॉर्म्स व मायक्रोसॉफ्टची दुसरी लायब्ररी डब्ल्यूपीएफ दोन्ही ओपन सोर्स झाले. तोवर नव्याने शिकणारे ब्राउझरकडे वळले होते. तिथे क्रोमियम आणि फायरफॉक्सचा सोर्स पहिल्यापासून खुला आहे, पण ड्रॉपडाउन यादी लिहिलेली आहे मुख्यतः सी++ मध्ये आणि ती वापरणारा लिहितो जावास्क्रिप्ट. म्हणून तो ती वाचत नाही. कोऱ्या चौकोनावर स्वतःची यादी बांधतो, आणि बाणांच्या कळांनी ती वरखाली होत नाही हे त्याला कोणीतरी कळवावे लागते.