रस्ता कोणत्या मापाने मोजावा?

शेराने दूध मोजता येते, कापड मोजता येत नाही. रस्ते मोजताना मात्र अमेरिकेतील शहरांनी सुमारे अर्धशतक एकच माप हाती धरले. त्या मापाची कथा उद्बोधक आहे.

१९५० साली तेथील अभियंत्यांनी रस्त्यांच्या वहनक्षमतेची पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. १९६५ च्या आवृत्तीत तिला श्रेणींची जोड मिळाली. प्रगतिपुस्तकातल्याप्रमाणे ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत सहा श्रेणी! मोटार विनाअडथळा धावली की ‘ए’, वाहने तुंबली की ‘एफ’. महामार्गाला शोभणारे हे माप पुढे वस्तीतील रस्त्यांनाही लागू झाले. चौकात मोटारवाल्याची किती सेकंद खोटी होते, एवढेच त्यातून दिसे.

त्याच सुमारास डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची पाहणी केली. तुरळक रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर जितके मित्र होते, त्यांच्या एक तृतीयांशही भर रहदारीच्या रस्त्यावर नव्हते. विलंबाच्या तक्त्यात मैत्रीसाठी रकानाच नव्हता!

पुढे तर उलटाच न्याय झाला. कॅलिफोर्नियात १९७० च्या पर्यावरण कायद्याखाली मोटारींचा खोळंबा हीच पर्यावरणाची हानी गणली जाऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोने सायकलमार्गांचा आराखडा पुरेशा तपासणीवाचून मंजूर केला, म्हणून २००६ साली न्यायालयाने तो रोखला. मग चौकाचौकांतील मोटारींचा विलंब मोजणे आले. मनाई पूर्णपणे उठायला २०१० साल उजाडले. धूर न सोडणारे वाहन पर्यावरणाच्या नावाने चार वर्षे अडून राहिले.

अखेर २०१३ साली राज्याने कायदा बदलला. १ जुलै २०२० पासून तेथे नव्या बांधकामाच्या पर्यावरणीय तपासणीत प्रश्न विचारला जातो तो असा: यामुळे मोटारींची धाव किती मैलांनी वाढेल? वस्ती बाजाराजवळ, बसच्या थांब्याजवळ असेल तर ती धाव कमी. म्हणजे हानीही कमी.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत सायकल आणि हातगाडी यांचेही मोटारीच्या एककात रूपांतर केलेले आहे. त्या कोष्टकात पायी चालणाऱ्याला मात्र आकडा नाही.

सज्जनहो, माप हे केवळ अभियंत्याचे हत्यार नव्हे. रस्ता कोणाचा, हा निवाडा त्यात आधीच झालेला असतो. म्हणून रस्तारुंदीचा ठराव नगरसभेपुढे येईल तेव्हा नागरिकांनी पहिला प्रश्न विचारावा: मोजले काय, आणि कोणाला मोजले?