बेरीज-वजाबाकीचे पूर्वांग: विशेष गरजा असलेल्या बालकांच्या प्रारंभिक गणिताचे विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार गणले आहेत. त्यांपैकी प्रारंभिक गणिताच्या दृष्टीने येथे पाच गट विचारात घेतले आहेत: बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, श्रवणदोष आणि दृष्टिदोष. 'बेरीज' म्हणजे दोन भाग ज्ञात असता पूर्णाचा निश्चय करणे. 'वजाबाकी' म्हणजे पूर्ण आणि एक भाग ज्ञात असता दुसऱ्या भागाचा निश्चय करणे. या व्याख्यांत अधिक-उण्याच्या चिन्हांचा उल्लेख नाही, तो हेतुपुरस्सर टाळला आहे. चिन्ह हे क्रियेचे लेखन होय. जी क्रिया बालकाच्या हातून घडलेलीच नाही, तिचे लेखन त्याला शिकवता येत नाही.

विवेचनाचे क्षेत्र पूर्णगड हे आहे. मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावापासून विशेष शाळा दूर आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी 'आविष्कार' संस्था चालवते ती शाळा रत्नागिरी शहरात आहे. सहा वर्षांच्या बालकाला रोज पावस गावावरून शहरात नेणे-आणणे मासेमारीवर चालणाऱ्या घराला सहसा जमत नाही. परिणामी असे बालक गावच्या प्राथमिक शाळेतच बसते, आणि विशेष शिक्षकाच्या भेटींमधले सगळे दिवस वर्गशिक्षक आणि घर यांच्यावर पडतात. म्हणून जी पद्धती गावात मिळणाऱ्या साहित्यावर आणि अप्रशिक्षित पालकाच्या हातून चालू शकेल, तिचाच येथे विचार केला आहे.

बेरजेच्या आधी मोजणी येते, आणि मोजणी ही एक क्रिया नसून अनेक क्रियांचा संयोग आहे. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये तिची पाच तत्त्वे वेगळी केली: (१) प्रत्येक वस्तूस एकच संख्यानाम, (२) संख्यानामांचा स्थिर क्रम, (३) शेवटचे संख्यानाम हे संपूर्ण समूहाचे माप, (४) वस्तू कोणतीही असली तरी मोजणी तीच, (५) कोणत्याही वस्तूपासून आरंभ केला तरी उत्तर तेच. यांपैकी तिसरे तत्त्व निर्णायक आहे, आणि ते आत्मसात झाले आहे असा चुकीचा समज सर्वांत सहज होतो. शिक्षिका पाच चिंचोके ओळीत मांडते. बालक एकेकावर बोट ठेवून 'एक, दोन, तीन, चार, पाच' म्हणते. 'मग किती झाले?' असे विचारताच ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. त्याच्या दृष्टीने 'किती' हा प्रश्न म्हणजे मोजण्याची आज्ञा आहे. 'पाच' हे त्याच्यासाठी शेवटच्या चिंचोक्याचे नाव आहे, समूहाचे नव्हे. परीक्षा उलट दिशेने घेतली, म्हणजे 'मला तीन दे' असे म्हटले, तर ते मूठभर चिंचोके पुढे करते. जोवर मागितलेली संख्या बालक मोजून देत नाही, तोवर बेरीज आरंभू नये. शंभरपर्यंत उजळणी पाठ असणे हा या बाबतीत पुरावा नव्हे. पालकांचे समाधान मात्र बहुधा त्यावरच होते.

तिसरे तत्त्व स्थिर झाल्यावर क्रियांचे प्रकार येतात. बेरीज दोन प्रकारची: (अ) भर घालण्याची, जीत आधीच्या समूहात नवे येते, (आ) एकत्र धरण्याची, जीत काहीच हलत नाही, फक्त दोन समूह एक मानले जातात. वजाबाकी तीन प्रकारची: (अ) काढून घेण्याची: टोपलीत सात बांगडे होते, तीन विकले, (आ) तुलनेची: एकीकडे सात, दुसरीकडे तीन, किती जास्त, (इ) पूर्तीची: पाच नारळ हवेत, दोन आहेत, आणखी किती आणायचे. तिन्हींचे लेखन एकसारखे असते, पण बालकाला करावे लागणारे काम प्रत्येक वेळी निराळे असते. तुलनेच्या प्रकारात काढून घेण्याजोगे काही नसते, म्हणून तो सर्वांत शेवटी घ्यावा. श्रवणदोष असलेल्या बालकाची अडचण येथे दुहेरी होते. त्याची संख्यासमज शाबूत असूनही 'पेक्षा', 'उरले', 'आणखी' या शब्दांवर ते अडते, आणि भाषेतील चूक गणितातील चूक म्हणून नोंदली जाते.

काढून घेण्याचा प्रकार सोपा मानला जातो, परंतु त्यात एक अडचण दडलेली आहे. तीन बांगडे काढताच 'सात' दिसेनासे होतात. कार्यकारी स्मृती दुर्बल असलेल्या बालकापुढे मग फक्त चार उरतात, आणि ते कशाचे उरले हे सांगणारे काहीच राहत नाही. यावर चिंचोक्याचाच उपाय आहे. खेळासाठी चिंचोके फोडतात, तसे फोडले की एक बाजू काळसर आणि दुसरी पांढरी होते. असे सात अर्धे जमिनीवर टाकावेत. चार काळे आणि तीन पांढरे पडले, की दोन्ही भाग आणि पूर्ण एकाच वेळी दृष्टीसमोर राहतात. पुन्हा टाकल्यावर पाच आणि दोन पडतील, परंतु सात ढळत नाहीत. पांढरे हाताने झाकून 'झाकलेले किती?' विचारले की तीच वजाबाकी होते. त्यामुळे बेरीज पूर्ण करून मग वजाबाकी, हा प्रचलित क्रम या बालकांना प्रतिकूल ठरतो. सातपर्यंतचे पूर्ण-भाग संबंध दोन्ही दिशांनी एकत्रच शिकवावेत.

साधनांचा क्रम जेरोम ब्रूनर यांच्या त्रिविध विभागणीस अनुसरून प्रत्यक्ष कृती, चित्र आणि चिन्ह असा ठेवतात. या क्रमाचे मूळ ब्रूनर यांच्याहून जुने आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करताना इटार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांची साधने विकसित केली. सर्वसाधारण मुलांचे बालगृह १९०७ मध्ये, त्यानंतर निघाले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे ही पद्धती स्थानिक, स्वस्त साहित्यावर आणली. विशेष बालकांसाठी जन्मलेली साधने आज महागड्या संचांच्या रूपाने त्यांच्याच शाळांना विकली जातात, हे येथे नोंदवून पुढे जाऊ.

बेरजेच्या क्रियेत तीन अवस्था आढळतात: (१) दोन्ही समूह पहिल्यापासून मोजणे, (२) पहिल्या संख्येच्या पुढे मोजणे, (३) उत्तर आठवणे. पहिलीतून दुसरीत जाताना एक विशिष्ट चूक वारंवार दिसते. पाच अधिक तीन करताना बालक 'पाच, सहा, सात' मोजते आणि उत्तर सात देते. आठातून तीन वजा करताना ते 'आठ, सात, सहा' म्हणून सहावर थांबते. दोन्ही चुकांचे कारण एकच आहे: बालक पावले न मोजता ठिकाणे मोजते. जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या असतील तेथे त्यांवर एकापासून आकडे लिहून बालकाला पाचवीवर उभे करावे. उभे राहणे मोजायचे नाही, उडी मोजायची. पहिली उडी सहावीवर नेते, हे पायांना कळले की तोंडाची चूक सुटू लागते. दृष्टिदोष असलेल्या बालकासही हीच रीत लागू पडते. लेखनासाठी त्याला टेलर फ्रेम असते: तिच्या अष्टकोनी छिद्रांत खिळा आठ दिशांनी बसतो, आणि दिशेवरून अंक बोटांना ओळखू येतो.

दहाच्या पुढे भाषा आडवी येते. 'पंचवीस' मध्ये पाच आधी उच्चारले जातात आणि लिहिताना दोन आधी येतात. 'एकोणतीस' समजायला तर वजाबाकीच करावी लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा धर्तीचे वाचन आले, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीची ती सूचना विशेष बालकांपुरती तरी निर्विवाद ग्राह्य आहे. दशकासाठी साहित्य निवडताना आंब्याची पेटी टाळावी, कारण तिचा हिशेब डझनाचा. मासळीचा वाटाही चालत नाही, कारण त्यातील नगांची संख्या निश्चित नसते. माडाचे हीर दहा-दहा मोजून सुंभाने बांधावेत. हातच्याची वजाबाकी करताना बालकाने गाठ स्वतः सोडावी. सुटे दहा हाताला लागल्याशिवाय उसना घेण्याला अर्थ येत नाही.

स्वमग्न बालकाच्या बाबतीत चौथे तत्त्व पुन्हा तपासावे लागते. चिंचोक्यांवर अचूक आलेली बेरीज शिंपल्यांवर येईलच असे नाही. म्हणून प्रत्येक पायरी निदान तीन निरनिराळ्या साहित्यांवर आणि शाळेबाहेर एका ठिकाणी सिद्ध झाल्यावरच पूर्ण समजावी. ते ठिकाण किराणा दुकान असणे उत्तम. सात रुपयांच्या वस्तूला दहाचे नाणे दिल्यावर दुकानदार 'आठ, नऊ, दहा' म्हणत तीन नाणी हातावर ठेवतो, ती पूर्तीची वजाबाकीच असते. मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाने एवढे साधले, तर तीन अंकी लेखी वजाबाकीत त्याची वर्षे घालवू नयेत. तेथे कॅल्क्युलेटर द्यावा, आणि उत्तर अवाजवी मोठे आले तर ते त्याच्या लक्षात येते की नाही, एवढेच तपासावे.