शातियोंचे सेवामंडळ

इ. स. १६१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील शातियों येथील धर्मगुरू व्हिन्सेंट द पॉल यांनी एका आजारी कुटुंबासाठी प्रवचनातून आवाहन केले. लोकांनी एवढे अन्न नेऊन दिले की ते टिकणे अशक्य होते. उणीव दयेची नसून व्यवस्थेची आहे, हे त्यांनी ओळखले. स्त्रियांचे मंडळ स्थापून त्यांनी रुग्णसेवेच्या पाळ्या लावल्या व नियमावली लिहिली. पुढे पॅरिसमधील कुलीन स्त्रिया स्वतःऐवजी दासींना पाठवू लागल्या. तेव्हा १६३३ मध्ये लुईझ द मारियाक यांच्यासह त्यांनी मुख्यतः ग्रामीण मुलींचा सेविकासंघ उभारला. १८३३ मध्ये ओझानाम आदींनी पॅरिसमध्ये स्थापिलेल्या मंडळानेही याच संताचे नाव धारण करून गृहभेटींना प्राधान्य दिले. तात्पर्य, या परंपरेचे महत्त्व दानाच्या परिमाणात नाही. गरिबाच्या दारी स्वतः, परंतु नियमाने जाण्यात आहे.