हूक कशाला अडकवायचा?

बांधकामावर माणूस गेला की दुसऱ्या दिवशी साइटवर काय बोललं जाणार, हे जवळपास ठरलेलं असतं. बेल्ट दिला होता, त्यानं लावला नाही. हेल्मेट होतं, काढून बाजूला ठेवलं होतं. किती वेळा सांगितलं, पण ही माणसं ऐकतच नाहीत. असं म्हणणारे बहुतेक इंजिनिअर आणि सुपरवायझर मनापासून तसं मानतात. रोज सकाळी ओरडून त्यांचा घसा बसलेला असतो आणि दुपारी तोच कामगार बेल्ट खांद्यावर टाकून कडेवर उभा दिसतो. त्यांचा पूर्वपक्ष असा: बांधकामातले अपघात मुख्यतः कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात, म्हणून साधनं द्या, प्रशिक्षण द्या, न ऐकणाऱ्याला दंड करा, अपघात कमी होतील.

हा पक्ष मला चुकीचा वाटतो. कामगार ज्या धोक्यात उभा असतो तो बहुतेक वेळा तो साइटवर येण्याआधीच ठरलेला असतो. नकाशा काढणारा, ठेका देणारा आणि तारखा बांधणारा, हे तिघं मिळून तो ठरवतात.

या पक्षाचा सर्वांत जुना आधार म्हणजे हर्बर्ट हाइनरिख यांचा आकडा. अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिख यांनी १९३१ साली औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिलं आणि शंभरातले ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे, १० असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ अटळ, अशी वाटणी मांडली. सुरक्षेच्या वर्गांत ती आजही सांगितली जाते. पण ती आली कुठून? विम्याचे निकालात निघालेले दावे आणि कारखानदारांकडच्या नोंदी, अशी सुमारे ७५,००० प्रकरणं त्यांनी पाहिली. त्या कागदांवर कारण लिहिणारे होते मालक आणि त्यांचे पर्यवेक्षक. ज्याच्यावर जबाबदारी येऊ शकते त्यानंच लिहिलेली कारणं मोजली, तर दोष खालच्या माणसाकडे झुकणारच. शिवाय एका अपघाताला एकच कारण, ही त्या मोजणीची अट होती. कामगार घसरला हे कारण धरलं की कठडा का नव्हता हा प्रश्न नोंदीतच येत नाही.

आपल्याकडच्या दुर्घटना पाहू. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला शेजारच्या सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह १५ जण गेले. ही माणसं झोपलेली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला बांधकामावरची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. ते गच्चीवरचं काम संपवून खाली येत होते. त्याच्या महिनाभर आधी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गावर पुलाचा गर्डर चढवणारं यंत्र मध्यरात्रीच्या सुमारास कोसळलं, २० जण गेले. यातल्या कोणत्या कामगारानं कोणता बेल्ट लावला असता म्हणजे तो वाचला असता? खोदकामाशेजारच्या भिंतीखाली खोल्या बांधायच्या, जड गर्डर रात्री चढवायचे, हे निर्णय मजुराचे नसतात.

सेंटरिंगचं तर फारच उघड आहे. जुलै २०१६ मध्ये पुण्यातच बालेवाडीला वरच्या मजल्याचा स्लॅब ओतत असताना तो कोसळून नऊ कामगार मेले. ओल्या काँक्रीटचं वजन काय असतं याचा साधा हिशोब करावा. दहा बाय दहा फुटांची खोली आणि सहा इंचांचा स्लॅब धरला, तर सळईसकट साडेतीन टन होतात. त्यावर माणसं, व्हायब्रेटर, पंपाच्या पाइपचे हिसके. हा सगळा भार काही तास फक्त टेकूंवर असतो. टेकू किती अंतरावर, त्यांना आडव्या पट्ट्या किती, खाली फळी की भुसभुशीत भराव, हे कोणी ठरवायचं? आरसीसी सल्लागाराच्या नकाशात तयार स्लॅब असतो. तो घट्ट होईपर्यंत पेलणारा सांगाडा बहुतेक ठिकाणी कुठल्याच नकाशात नसतो. तो मुकादमाच्या अंदाजावर उभा राहतो. या सांगाड्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १४६८७ हे मार्गदर्शक १९९९ पासून आहे.

यावर एक खरा आक्षेप येतो, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. मोठ्या दुर्घटना बातमीत येतात, पण बहुतेक माणसं एकेकटी पडून मरतात. कडेवरून, डक्टमधून, परांचीवरून. तिथे तरी बेल्ट न लावणं हेच कारण नाही का?

बेल्ट लावला असं धरू. पूर्ण शरीराचा, चांगल्या बनावटीचा. त्याची दोरी साधारण १.८ मीटर असते. गडी हूक अडकवतो कशाला? कडेला वर काहीच नसतं, म्हणून स्लॅबमधून निघालेल्या सळईला, पायाशी. त्याच्या पाठीवरची कडी पायापासून दीडेक मीटर उंच. तो कडेवरून गेला, तर दोरी ताणेपर्यंत दीड अधिक १.८, म्हणजे ३.३ मीटर खाली येतो. मग झटका शोषणारी पट्टी उलगडते, तिचा आणखी मीटरभर. म्हणजे थांबेपर्यंत सव्वाचार मीटर. आपल्या इमारतीत मजल्याची उंची तीन मीटरच्या आसपास. पहिल्या मजल्यावरून पडला तर दोरी ताणायच्या आधी तो जमिनीवर आपटलेला असतो. वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या छज्ज्यावर किंवा परांचीच्या फळीवर. आणि ती सळई तरी तो हिसका पेलेल याची खात्री कोणी केलेली असते? अमेरिकेच्या नियमांत अशा अडकवायच्या जागेनं साधारणपणे माणशी ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांवर भार पेलावा लागतो. आपल्याकडे हूक पुष्कळदा सुतळीनं बांधलेल्या त्याच बांबूला असतो, ज्याच्यावर गडी उभा आहे. बांबू गेला की दोघंही गेले.

म्हणून बेल्ट हे शेवटचं साधन आहे. त्याच्या आधी कठडा, जाळी, डोक्याच्या वर ताणलेली लाइफलाइन, आणि त्याच्याही आधी ते काम कडेवर करावंच लागू नये अशी रचना. कडेच्या तुळईत स्लॅब ओततानाच लोखंडी कड्या सोडल्या, तर पुढच्या गवंड्याला, प्लास्टरवाल्याला, रंगाऱ्याला हूक अडकवायला पक्की जागा मिळते. लिफ्टच्या डक्टमधून स्लॅबची सळई तशीच आरपार नेऊन जाळी ठेवली आणि लिफ्ट बसवायच्या दिवशीच कापली, तर मधल्या कितीतरी महिन्यांत त्या भोकातून कोणी खाली जात नाही. दोन्ही गोष्टी एका रेघेनं नकाशात येतात. कामगाराच्या हातात यातलं काहीच नाही.

बेल्ट असून काढणारे असतात, हे मी नाकारत नाही. पण ते का काढतात तेही पाहावं. प्लास्टर, सळई, सेंटरिंग ही कामं बहुतेक उक्ती दिलेली असतात. जितके चौरस फूट, जितके किलो, तितके पैसे. दर चार पावलांवर हूक काढून पुन्हा लावणाऱ्याचं काम मागे पडतं आणि आठवड्याचा हिशोब कमी येतो. दर ठरवताना हा वेळ कोणी धरलेला नसतो. नंतर त्याच माणसाला बेल्ट न लावल्याचा दंड करणं म्हणजे ठेक्यातली चूक त्याच्या मजुरीतून वसूल करणं.

धुळीचंही असंच आहे. ग्रॅनाइट, कोटा, विट्रिफाइड फरशी ग्राइंडरनं कोरडी कापतात तेव्हा उडणारी सिलिका इतकी बारीक असते की तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. सिलिकोसिसवर इलाज नाही, आणि तो कळतो बहुधा दहा-वीस वर्षांनी, माणूस गावी परतल्यावर. त्याचा मृत्यू कुठल्याच साइटच्या खात्यावर पडत नाही. अमेरिकेनं २०१६ साली बांधकामासाठी केलेल्या सिलिकाच्या नियमात कोणत्या यंत्राला पाणी जोडायचं आणि कुठे धूळ ओढून घ्यायची याचा तक्ताच दिला आहे. पाण्याची नळी असलेला कटर आणणं ही ठेकेदाराची खरेदी आहे.

कायदा तरी वेगळं काय सांगतो? १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाखाली १९९८ चे केंद्रीय नियम झाले. परांची, खोदकाम, उंचीवरचं काम, सगळ्याची जबाबदारी त्यांनी मालकावर टाकली. पण त्याच कायद्यात सुरक्षा अधिकारी लागायचा तो ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं ही मर्यादा २५० वर आणली. दहा-बारा मजल्यांच्या नेहमीच्या इमारतीवर एका वेळी इतकी माणसं क्वचितच असतात. आपलं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराला सुरक्षा संच देतं, हे चांगलंच आहे. त्यातून मात्र असा समज पसरतो की हेल्मेट-बूट आणणं हे कामगाराचं आणि सरकारचं काम आहे, ठेकेदाराचं नाही. बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर कल्याणासाठी आहे. तो भरला म्हणून कठडा लावायची जबाबदारी संपत नाही.

युरोपीय समुदायानं १९९२ साली बांधकामस्थळांविषयी जो निर्देश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच नोंदलं आहे की निम्म्याहून अधिक अपघातांत आरेखनातल्या किंवा नियोजनातल्या निवडींचा वाटा असतो. त्यावरून ब्रिटननं १९९४ साली नियम करून काम करवून घेणारा मालक आणि आरेखक या दोघांवर कायदेशीर कर्तव्य टाकलं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकची क्रीडासंकुलं याच चौकटीत उभी राहिली आणि त्या बांधकामात एकही जीव गेला नाही. तिथले कामगार शिस्तीचे म्हणून, असं कोणी म्हणेल. पण तिथेही धातूच्या चौकटी उभारणारी, काँक्रीट ओतणारी, घाईत असलेली माणसंच होती. फरक होता तो त्यांच्या पायाखालच्या आणि डोक्यावरच्या व्यवस्थेत.

उरतो खर्चाचा मुद्दा. कठडा, जाळी, सेंटरिंगचा नकाशा यांना पैसे लागतात आणि सर्वांत कमी दराच्या निविदेत जो ते धरेल तो हरेल, हे खरं आहे. पण या युक्तिवादातून निघतं ते एवढंच की सुरक्षेचा खर्च दराच्या चढाओढीत ठेवता कामा नये. अंदाजपत्रकात ती वेगळी, ठरलेल्या रकमेची बाब करावी. ठेकेदारानं तीवर दर लावायचाच नाही, काम दाखवून पैसे घ्यायचे. सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका आणि मोठे विकासक हे आपापल्या निविदेत आजपासून करू शकतात. सोबत एक अट घालावी: सेंटरिंगच्या नकाशावर अभियंत्याची सही असल्याशिवाय आणि त्यानं टेकू स्वतः पाहिल्याशिवाय काँक्रीटचा ट्रक फाटकाच्या आत घ्यायचा नाही.