तिथि कीं वार? ईस्टरचा एक जुना वाद

एकाच घरांत एका भावाचा उपवास चालू आहे आणि दुसऱ्याच्या पानांत पुरणपोळी वाढली जात आहे, असा प्रसंग महाराष्ट्रांतील कुटुंबांस अगदींच अपरिचित नाहीं. स्मार्त एकादशी एका दिवशीं व भागवत एकादशी दुसऱ्या दिवशीं, असें पंचांगांत अनेकदां येतें. दैवत एक, श्रद्धा एक. भेद केवळ दिवसाचा. ख्रिस्ती धर्माच्या दुसऱ्या शतकांत असाच एक प्रश्न उभा राहिला, आणि त्यावरून ठिकठिकाणच्या मंडळ्यांचा परस्परांशीं असलेला बंधुभावच तुटतो कीं काय, अशी वेळ आली.

प्रश्नाचें मूळ असें. येशू ख्रिस्तास वधस्तंभावर दिलें तें यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास. या सणाचा कोंकरा निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीस मारीत. ही तिथि चांद्र गणनेची, म्हणजे आपल्याकडील पौर्णिमेच्या आसपासची. पुनरुत्थान मात्र आठवड्याच्या पहिल्या दिवशीं, रविवारीं, झालें. मग या घटनांचें वार्षिक स्मरण कसें पाळावें? तिथि धरली तर वार दर वर्षीं बदलणार. वार धरला तर तिथि सुटणार. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतांतील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागांतील, मंडळ्या तिथि धरीत. वार कोणताही असो, चौदाव्या तिथीस त्या उपवास सोडीत. रोममधील व इतर बहुतेक मंडळ्या रविवार उजाडल्यावांचून उपवास सोडीत नसत.

निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी चाल असती तर कदाचित् कोणास तें खटकलेंही नसतें. परंतु आशियांतून व्यापाराकरितां व पोटापाण्याकरितां कितीतरी माणसें रोमला येत. एकाच शहरांत कांहीं जण प्रभूच्या दुःखाचें स्मरण करीत उपाशी आहेत आणि त्यांचेच बंधु उत्सव करीत आहेत, असें दृश्य दिसूं लागलें.

इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्णा येथील वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला आले. प्रेषित योहानाच्या पायाशीं बसून ते शिकले, अशी त्यांची ख्याति होती. रोमचे बिशप त्या वेळीं अनिसेतस होते. दोघांची या विषयावर बोलणीं झालीं. पॉलिकार्प यांचें म्हणणें असें कीं, योहान व इतर प्रेषित यांच्या संगतींत जी चाल आपण पाळली ती कशी सोडावी? अनिसेतस यांचें उत्तरही त्याच जातीचें होतें: आपल्या पूर्वीच्या वडीलधाऱ्यांनीं जें राखलें तें आपणही राखलें पाहिजे. कोणीच कोणाचें मन वळवूं शकला नाहीं. परंतु बोलणीं फिसकटल्यावर जें घडलें तेंच महत्त्वाचें आहे. अनिसेतस यांनीं आपल्याच मंडळींत प्रभुभोजनाचा विधि चालविण्याचा मान पॉलिकार्प यांना दिला. दोघांनीं एकमेकांचा शांतीनें निरोप घेतला. पुढें थोड्याच काळांत स्मुर्णा येथें पॉलिकार्प यांनीं धर्मासाठीं अग्नीत प्राण दिले.

यावरून पॉलिकार्प हे सर्वच मतांस मान डोलाविणारे होते, असें कोणी समजूं नये. जुन्या करारांतील देव व येशूचा पिता हे दोन भिन्न होत, असें शिकविणारा मार्सियन त्यांना भेटला, तेव्हां त्यांनीं त्याला अत्यंत कठोर शब्दांत उत्तर दिलें. याच रोमच्या मुक्कामांत त्यांनीं मार्सियनच्या व इतर पाखंडी पंथांच्या अनेक अनुयायांस परत वळविलें. म्हणजे मूळ श्रद्धेच्या बाबतींत जो माणूस तिळभर हटत नव्हता, तोच दिवसाच्या बाबतींत भिन्न चालीच्या बंधूबरोबर एका पंक्तीस बसला.

सुमारें पस्तीस वर्षांनीं हा वाद पुन्हां पेटला. रोमचे बिशप व्हिक्टर यांना सर्वत्र एकच दिवस हवा होता. पॅलेस्टाइन, पोंत, गॉल वगैरे ठिकाणीं धर्मसभा भरल्या व बहुतेकांनीं रविवारच्या बाजूनें कौल दिला. इफिसचे बिशप पॉलिक्रेटीस यांनीं मात्र आशियाच्या वतीनें ठाम नकार कळविला. आपल्या नातलगांपैकीं सात जण बिशप होते व आपण आठवे, असें सांगून त्यांनीं आपल्या भूमींत चिरनिद्रा घेणाऱ्या प्रेषितांची व हुतात्म्यांची नांवेंच पुढें ठेवलीं. तेव्हां व्हिक्टर यांनीं आशियांतील सर्व मंडळ्यांस एकदम बहिष्कृत करण्याचें ठरविलें.

हें पाऊल अनेक बिशपांस रुचलें नाहीं. त्यांत गॉलमधील लियों येथील आयरेनियस यांचें पत्र युसेबियस या इतिहासकारानें जतन करून ठेविलें आहे. आयरेनियस स्वतः रविवारच पाळीत. म्हणजे मुख्य मुद्द्यांत ते व्हिक्टर यांच्याच बाजूचे. परंतु ते जन्मानें आशियाकडील, आणि बालपणीं पॉलिकार्प यांचें प्रवचन त्यांनीं प्रत्यक्ष ऐकलेलें. त्यांनीं व्हिक्टर यांना स्मरण दिलें कीं, भेद दिवसाचाच नव्हे, उपवासाच्या रीतीचाही आहे: कोणी एक दिवस, कोणी दोन दिवस, कोणी चाळीस तास उपवास धरतात, आणि हा भेद आजकालचा नाहीं. तरीही पूर्वीच्या रोमच्या बिशपांनीं भिन्न चालीच्या लोकांस प्रभुभोजन पाठविलें, त्यांना दूर लोटलें नाहीं. उपवासांतील भेदानें श्रद्धेचें ऐक्य उलट अधिक स्पष्ट होतें, असा त्यांचा भावार्थ होता. युसेबियसनें येथें मार्मिकपणें म्हटलें आहे कीं, आयरेनियस हें नांवच ग्रीक भाषेंत शांतिवाचक आहे, आणि तें त्यांनीं सार्थ केलें.

इ. स. ३२५ मध्यें नायसीया येथील परिषदेनें रविवारचा निर्णय सर्वांस लागू केला. त्यानंतर जुनी तिथि धरणारांस पाखंडी ठरविण्यांत येऊं लागलें. एकरूपता आली, पण अनिसेतस यांची उदारता मागें पडली. आणि ती एकरूपता तरी कोठें टिकली? १५८२ सालीं पोप ग्रेगरी यांनीं पंचांग सुधारलें, तें पूर्वेकडील मंडळ्यांनीं ईस्टरकरितां स्वीकारलें नाहीं. २०२४ सालीं पश्चिमेचा ईस्टर ३१ मार्चला, तर पूर्वेचा ५ मेला आला. २०२५ सालीं दोन्ही योगायोगानें २० एप्रिललाच आले.

हाच प्रश्न वेगळ्या रूपानें महाराष्ट्राच्या भूमींतही सोडविला गेला. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालें. कांहीं मंडळ्या तान्ह्या बालकांस बाप्तिस्मा देत. कांहीं समजत्या वयांत, स्वतःच्या मुखानें श्रद्धा प्रकट केल्यावरच देत. या भेदावरून युरोपांत एके काळीं माणसें पाण्यांत बुडवून मारलीं गेलीं होतीं. नागपुरांत एका पक्षानें दुसऱ्यास गिळलें नाहीं. दोन्ही रीति एकाच मंडळींत राहिल्या. मात्र त्यासाठीं सुमारें चाळीस वर्षें वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि सोबत येऊं पाहणारी एक मोठी मंडळी अखेरच्या क्षणीं बाहेरच राहिली.

पॉलिकार्प व अनिसेतस यांच्याजवळ चाळीस वर्षें नव्हतीं. त्यांनीं वाद तसाच ठेवला आणि भाकर मोडली. आपल्या पक्षाचें म्हणणें खरें आहे असें वाटत असतांही दुसऱ्या पक्षाच्या वतीनें पत्र लिहिणारा आयरेनियस प्रत्येक पिढीस लागतो. असा मनुष्य ज्या मंडळींत असेल, तिला दिवसांच्या भेदाचें भय नाहीं.